रगबच्या हातचा घास

"फोन काढा सगळ्यांनी. टाका ताईच्या पिशवीत," रगब म्हणाला, आणि सगळ्यांत आधी स्वतःचा फोन माझ्या मांडीवर ठेवला.

हॉटेलातला वाढपी उस्ताद फिक्री नुकताच पाण्याची बाटली, तिळाच्या ताहिन्याची वाटी आणि लिंबाच्या फोडी ठेवून गेला होता. मासे अजून आत भट्टीवर होते. शैमाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, ओठ आवळले आणि आपला फोन दिला. माझा फोन बटणांचा, त्यात ना चित्र ना गाणं. पण उगाच कुणाला बोलायला जागा नको म्हणून मीही तो टाकला आणि चेन ओढून घेतली. उंच खुर्चीत बसलेला अनस आमचे हात पिशवीत जाताना टक लावून पाहत होता. अडीच वर्षांचं पोर ते, पण आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय हे त्याला बरोबर कळलं.

"आज माझा मुलगा माझ्या हातून जेवणार," रगब म्हणाला. शर्टाच्या बाह्या दुमडून असा बसला होता, जसं काही जेवायचं नाही, कपाट उचलायचंय.

"इन्शाल्लाह," मी म्हणाले.

 शैमा बिचारी अनसच्या गळ्यात फडकं बांधत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी रगबचं कुवेतचं विमान होतं, आणि तो परत कधी येईल हे त्याच्या कंपनीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

रगब माझा सगळ्यांत धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो या अनसएवढा होता. मीच त्याला वाढवलं, त्यामुळे मी बहीण की आई हा प्रश्न आमच्यात कधी पडला नाही. आमचं दुम्यात म्हणजे सुतारांचं शहर, तिथे आमच्या गल्लीत जन्मलेल्या पोराने पुढे लाकूड हातात धरायचं हे ठरलेलंच. हा खुर्च्यांच्या पाठीवर वेलबुट्टी कोरायचा, मी त्याच कारखान्यांसाठी सोफ्याचे अभ्रे शिवायचे. अजूनही शिवते, मिळतील तेवढे. मग लोकांनी कोरीव खुर्च्या घेणं सोडलं, कारखान्यांना कुलपं लागली, आणि अनस नीट मान धरायच्या आत रगब कुवेतला गेला. तिथे तो लोकांच्या घरी तयार कपाटं बसवतो. कोरायचं काही नाही, नुसते स्क्रू पिळायचे.

जाताना त्याला एकच धास्ती होती, पोरगा आपल्याला विसरेल. "मला रोज त्याच्याबरोबर जेवायला बसवत जा," असं त्यानेच शैमाला बजावलं. म्हणून आमच्या घरी रोज दुपारी ताटांच्या मध्ये पाण्याचा जग, जगाला टेकवलेला फोन आणि फोनमध्ये रगब. तिकडे तो मधल्या सुटीत कुठल्यातरी इमारतीच्या जिन्यात बसून तोंडाचा मोठा आ करायचा. "हाम् कर, उंटा! हाम्!" इकडे अनस त्याच्याकडे बघत आ करायचा आणि शैमा चटकन चमचा आत सारायची. "हाम् कर, उंटा" म्हणत आमच्या आईने मला भरवलं, मी रगबला भरवलं. आता तेच फोनमधून येत होतं, एवढाच फरक. जेवण झालं की अनस काचेची पापी घ्यायचा. आम्ही सगळे कौतुकाने वेडे व्हायचो. बघा, बापाला कसा ओळखतो!

ओळखत होताच की. फक्त तो बाप तळहाताएवढा होता आणि पाण्याच्या जगापाशी राहायचा.

त्यामुळे महिन्यापूर्वी दारात मावेना असा एक माणूस बॅगा टाकून "अनस! बाबाच्या राजा!" करत अंगावर धावला, तेव्हा पोर किंचाळून माझ्या झग्याआड लपलं. "काका," म्हणालं. रस्त्यावरच्या कुठल्याही परक्या पुरुषाला मुलं म्हणतात तसं, काका. रगब हसला. "होईल सवय," म्हणाला. आम्हीही तेच म्हणालो.

त्या महिन्यात माझ्या भावाने काय काय नाही केलं! सायरन वाजवणारा लाल बंब आणला होता, तो वाजल्याबरोबर पोर पलंगाखाली गेलं. फोनमधल्या बाबाच्या डोक्यावर कंपनीची निळी टोपी असते, म्हणून हा भर उकाड्यात ती टोपी घालून घरभर हिंडला. एका दुपारी तर टीव्हीच्या रिकाम्या खोक्याला चौकोनी भोक पाडून त्यात तोंड घातलं आणि ओरडला, "हाम् कर, उंटा!" अनस थबकला. हसला. आमच्या जिवात जीव आला. मग पोर बाबाला शोधायला खोक्याच्या मागे गेलं, तिथे गुडघ्यांवर बसलेला काका दिसला, आणि त्याने असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरची उम्म कामिल धावत जिना चढून आली. "मारलंत का लेकराला?" म्हणाली. रगबने ते खोकं स्वतःच्या हातांनी फाडून कचऱ्यात टाकलं.

फोन समोर नसेल तर अनस घास घेत नाही. आणि रगब घरातच असताना फोनमध्ये रगब आणायचा कुठून? म्हणून शैमा स्वयंपाकघराचं दार लोटून, कार्टून लावून, चोरीमारी केल्यासारखी पोराला भरवायची. कालपासून रगबने तेही बंद केलं. "भूक लागली की झक मारत खाईल," म्हणाला. पोर हटवादी निघालं, शेवटी आमच्याच रक्ताचं. काल दुपारपासून त्याच्या पोटात घोटभर दुधापलीकडे काही नव्हतं. रगबच्या पोटात तरी काय होतं? चहा आणि सिगारेटी.

"रास अल-बरला नदीकाठी जाऊ, शुक्रवारची नमाज झाली की निघू," हीसुद्धा त्याचीच कल्पना. "मोकळी हवा, मासे, माणसं. घरात फोन कुठे असतो हे त्याला माहीत आहे, बाहेर नाही." मलाही पटलं. खरं सांगायचं तर दुसरा उपायच उरला नव्हता.

पण बाहेर फोन नाहीत असं मानणारा माणूस बरेच दिवस बाहेर जेवला नसावा. आमच्या उजव्या हाताच्या टेबलावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी बाटलीला टेकवलेल्या फोनकडे बघत कोळंबी गिळत होती, चावत होती की नाही देव जाणे. पलीकडे जुळे भाऊ, दोघांत एक फोन. त्याच्या पलीकडे तर पाळण्यातून नुकतं उठलेलं बाळ. टेबलाटेबलावर तीच किणकिणणारी गाणी. एकही पोर रडत नव्हतं. एकही पोर बोलतही नव्हतं. अनसची मान चारी दिशांना फिरायला लागली.

"त्याची खुर्ची वळव," रगब शैमाला म्हणाला. "इतर टेबलं दिसायला नकोत."

तिने खुर्ची फिरवली. आता अनसची पाठ समोरच्या काचेच्या भिंतीकडे झाली आणि तोंड माझ्याकडे. काचेच्या बाहेर फरसबंदी रस्ता, त्यापुढे नाईलचा कठडा. छान ऊन पडलं होतं.

फिक्रीने मासे आणले. कोंड्यात भाजलेल्या तीन बोया, वर लसूण-मिरची, सोबत कांद्यात परतलेला तपकिरी भात आणि गरम रोट्या. "बिस्मिल्लाह करा," म्हणाला. "मावशी, मघापासून बाळ गप्प आहे. नजर लागली की काय? फोनचं चार्जिंग संपलं असेल तर आमच्याकडे वायर आहे."

"वायर तुझ्या गळ्यात घाल, उस्ताद," मी म्हणाले. "तो जेवायला आलाय, चार्ज व्हायला नाही."

फिक्री हसत गेला. रगबने पोटाकडचा मऊ भाग काढला, बोटांनी दाबून दाबून काटे पाहिले, भातात कालवला, लिंबू पिळलं. लाकूड कोरणारी बोटं ती, काटा सुटणं शक्य नव्हतं. छोटासा घास केला, त्यावर फुंकर घातली आणि पोराच्या तोंडाशी नेला.

"हाम् कर, उंटा."

अनसने मान फिरवली.

"बघ तरी, राजा. बोई आहे. बाबाने काटे काढलेत. हाम्!"

अनसने ओठ आत ओढून घेतले. रगबने घास आपल्या तोंडाशी नेला, खाल्ल्यासारखं केलं, पोटावर हात फिरवला, "अहाहा" केलं. शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. पोर हसलं नाही. रगबने पुन्हा हात पुढे केला, या वेळी जरा घाईने, आणि घास ओठांवर दाबला गेला. अनसने हाताने फटका मारला. भात रगबच्या शर्टावर, माझ्या मांडीवर, जमिनीवर.

आणि मग त्याने रडायला सुरुवात केली. साधं रडणं नाही. आधी आवाजच नाही, तोंड उघडं, चेहरा लाल, श्वास अडकलेला, आणि मग अशी किंकाळी की आतल्या भट्टीवरचा माणूस डोकावला.

"काय झालं? काय झालं बाळाला?" उजवीकडची वेण्यावाल्या मुलीची आई वाकून म्हणाली. कोपरापर्यंत बांगड्या. "अगं बाई, मोबाइल घरी विसरलात का? हा घ्या, आमच्या मुलीचा जुना आहे. किती ओरडतोय बिचारा!"

"नको, ताई," रगब म्हणाला. "उपकार झाले."

"अहो, घ्या हो. आमची बघा कशी गपगार जेवते."

"तुमची कोळंबी सालासकट खातेय, तेवढं बघा," मी म्हणाले. ती वळली. माझं तोंड असंच आहे, काय करू!

रगबने दुसरा घास केला.  "अनस, बाबाकडे बघ. एक. फक्त एक घास. मग बाबा काही मागणार नाही." हे तो लेकराला सांगत होता की देवाला, मला कळेना. अनस खुर्चीत मागे मागे रेलत होता, पाय झाडत होता. ताहिन्याची वाटी उलटली. सगळं हॉटेल आमच्याकडे बघत होतं. 

"बस कर, रगब," शैमा दबक्या आवाजात म्हणाली. "फोन दे त्याला."

"नाही."

"काल दुपारपासून उपाशी आहे तो."

"म्हणूनच खाईल. जरा दम धर."

"दम मीच धरायचा? तू उद्या विमानात बसशील. डॉक्टरकडे मी जाणार. 'बाई, मुलाच्या अंगात रक्त नाही, खायला घालत नाही का?' हे ऐकून घ्यायला तू नसतोस."

"म्हणजे मी हौसेने जातो?"

"मी तसं म्हणाले नाही."

"मग काय म्हणालीस?"

शैमाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज चढला नाही. गुणी मुलगी आहे. "म्हणाले, तुला त्याचा बाबा व्हायचंय, ते कळतं मला. महिनाभर बघतेय मी. पण त्याला भूक लागलीय रे."

 तेवढ्यात अनसच्या रडण्यातून एक शब्द फुटला. आधी हुंदक्यात अडकला, मग स्वच्छ.

"बा... बाबा! बाबा!"

रगबची खुर्ची मागे कलंडली. तो जमिनीवर गुडघे टेकून पोराच्या खुर्चीपाशी गेला. "हो राजा! हो! बाबा! मी बाबा, मीच बाबा!" त्याचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. अगदी लहानपणी ईदच्या सकाळी नवे कपडे बघून व्हायचा तसा. माझा हात आपसूक छातीवर गेला. या रब, ऐकलंस, असं मी मनात म्हणालेसुद्धा.

अनसने हात लांब केला. तो हात रगबच्या गालाजवळून, कानाजवळून पुढे गेला आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे थांबला.

"बाबा," अनस हुंदके देत म्हणाला. "आत्या, बाबा दे."

 रगब तसाच गुडघ्यांवर. मला वाटलं, ती पिशवी उचलून नाईलमध्ये भिरकावून द्यावी, सगळ्या फोनांसकट आणि माझ्यासकट. पण बाबा, बाबा करत ते पोर खुर्चीतून इतकं वाकलं होतं की पडलं असतं.

"दे, ताई," रगब उठत म्हणाला. पँट झटकली, खुर्ची सरळ केली आणि बसला.

शैमाने पटकन आपला फोन घेतला आणि पाण्याच्या बाटलीला टेकवला. "आपलं ते जुनं रेकॉर्डिंग लावते," ती रगबकडे न बघता पुटपुटली. एकदा रगबच्या कामावर फोन आत नेऊ देईनात, तेव्हा पोराची उपासमार नको म्हणून त्यानेच ते करून पाठवलं होतं. फोनमध्ये निळ्या टोपीतला रगब उगवला. जिन्यात बसलेला, तळहाताएवढा. "काय रे उंटा, भूक लागली? हाम् कर! हाम्! शाब्बास माझा वाघ!" त्याने मोठा आ केला, रिकामं तोंड चघळलं, टाळ्या वाजवल्या.

अनसचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पोर हसत होतं. तोंड उघडलं. शैमाने रगबनेच कालवलेला भात चमच्यात घेतला आणि आत घातला. अनसने चावला, गिळला, पुन्हा आ केला. केवढी भूक लागली होती लेकराला!

रगब समोर बसून स्वतःला आपल्या मुलाला भरवताना बघत होता. जरा वेळाने तो पुढे झुकला. फोनमधला रगब म्हणाला, "हाम् कर, उंटा," आणि त्याच्याबरोबरच इथला रगबही हळूच म्हणाला, "हाम् कर, उंटा." तोच आवाज, तेच शब्द. वाटलं असेल त्याला, आता तरी दोन्ही जुळतील.

अनसने नजर फोनवरून हलवलीसुद्धा नाही. फक्त आपलं तेलकट बोट ओठांवर ठेवलं.

"श्श. काका, श्श."

 आई गेली त्या दिवशीही मी रगबचा असा चेहरा पाहिला नव्हता. तेव्हा तो लहान होता, त्याला काही कळत नव्हतं. शैमाचा चमचा हवेतच थांबला. "त्याला समजत नाही रे," ती म्हणाली. "लहान आहे."

"हं," रगब म्हणाला. "भरव तू. थांबू नकोस."

रेकॉर्डिंग संपलं. "पुन्हा," अनस म्हणाला. शैमाने पुन्हा लावलं. पुन्हा तोच आ, त्याच टाळ्या, शाब्बास माझा वाघ. पुन्हा संपलं. "पुन्हा." रगब एकटक बघत होता. त्याच्या ताटातली बोई आख्खीच्या आख्खी तशीच पडली होती, त्याने तिला हातही लावला नव्हता.

"बंद कर ते," तो एकदम म्हणाला.

"रगब, आता नको. तो खातोय," शैमा कळवळली. "पाया पडते."

"बंद कर. रिकामं तोंड चघळतोय मी त्यात." त्याने माझ्या पिशवीत हात घालून आपला फोन काढला. "ताई, त्याची खुर्ची अशीच राहू दे. वळवू नका."

आणि तो दार ढकलून बाहेर गेला. मला वाटलं, सिगारेट ओढायला गेला. जाऊ दे, मोकळा होऊ दे, असं मनात म्हणाले. अनसने ओठ काढायला सुरुवात केली होती. तेवढ्यात बाटलीला टेकवलेला शैमाचा फोन वाजला.

शैमाने बोट लावलं. फोनमध्ये रगब आला. या वेळी टोपी नव्हती. वाऱ्याने केस उडत होते, उन्हाने डोळे बारीक झाले होते, आणि पाठीमागे नाईलचा कठडा होता.

"बाबा!" अनस दोन्ही हात वर करून ओरडला. "बाबा आला!"

"आला रे राजा," फोनमधला रगब म्हणाला. "कसा आहेस? काय जेवतोस?"

"मासा."

"अरे वा! हाम् कर बघू."

अनसने हाम् केलं. शैमा खाली मान घालून भरवत होती, तिचे अश्रू भातात पडू नयेत म्हणून मध्येमध्ये मनगटाने गाल पुसत होती. मी समोर बघितलं. अनसच्या डोक्यावरून, काचेपलीकडे, फरसबंदीवर माझा भाऊ उभा होता. एक हात लांब करून फोन तोंडासमोर धरलेला. त्याच्या आजूबाजूने लोक जात होते, एक म्हातारा थांबून बघून गेला. अनसने नुसती मान वळवली असती तर त्याला तो दिसला असता. अगदी हाकेच्या अंतरावर. पण बाबा समोर असताना तो मागे कशाला बघेल?

"कुणाबरोबर आलास जेवायला?" फोनमधून आवाज आला. वाऱ्यात तो मध्येच तुटत होता.

"आई," अनस शैमाकडे बोट करत म्हणाला. मग माझ्याकडे. "आत्या." मग रिकाम्या खुर्चीकडे बघून जरा विचारात पडला. "काका."

"काकापण आहे?"

"काका गेला."

फोनमधला रगब जरा थांबला. काचेबाहेरचा रगबही थांबला. त्याने मान वळवून नदीकडे पाहिलं, मग पुन्हा फोनकडे.

"काकावर रागावू नकोस हां," तो म्हणाला. "काका चांगला आहे."

अनसने याच्यावर थोडा विचार केला. "बंब आणला," तो म्हणाला.

"हो ना? मोठा लाल बंब. बघ, म्हणजे चांगलाच आहे. चल, हाम् कर, उंटा. हाम्!"

आणि त्याने तोंडाचा मोठा आ केला. रिकामा. मला ते बघवेना. उन्हात उभं राहून, लोकांसमोर, रिकाम्या तोंडाने खाल्ल्यासारखं करणारं हे माझं पोर कालपासून उपाशी होतं, आणि त्याचं ताट माझ्यापुढे निवत होतं. मी त्याची बोई ओढून घेतली. पाठीचा काटा एका ओढीत काढला, कोंडा खरवडला, पोटाकडचा तुकडा लसणात बुडवला, लिंबू पिळलं आणि रोटीत गुंडाळला. फिक्री मध्ये आला, "मावशी, काही हवं?" मी त्याला हातानेच बाजूला केलं आणि ताट घेऊन दार ढकललं.

बाहेर वारा जोराचा होता. रगबने मला पाहिलं आणि डोळ्यांनीच विचारलं, काय? आत जा. मी फोनमध्ये येणार नाही अशी त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. फोन त्याने असा वर, उन्हाच्या बाजूला धरला होता की पोराला ते दिसू नये.

"आता मोठा घास," तो फोनला म्हणाला. आवाज एकदम ठणठणीत. "बाबा करतो, मग तू कर. हाम् कर, उंटा!"

त्याने आ केला, आणि मी घास त्याच्या तोंडात घातला.

तो दचकला. माझ्याकडे बघायला मान वळणार होती, पण त्याने वळू दिली नाही. चावायला लागला. जबडा हलत होता, घास उतरत नव्हता, तरी तो चावत राहिला. फोनमध्ये अनस हरखून टाळ्या वाजवत होता. "बाबाने हाम् केलं! आई, बाबाने हाम् केलं!"

"केलं ना," रगब कसाबसा म्हणाला. "आता तू."

मी दुसरा तुकडा काढला, बोटांनी दाबून काटा पाहिला, रोटीत गुंडाळला.

"उघड तोंड," मी हळूच म्हणाले.

फोन धरलेला हात जरासुद्धा हलू न देता त्याने तोंड उघडलं.